दहा बाय दहाच्या खोलीतला ठेका

पोळ्याच्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्यांना तोंड फुटते. एक जण पुढे होतो, यमकाला यमक भिडवत कापसाच्या भावापासून गावच्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो. शेवटचा शब्द पडतो न पडतो तोच महादेवाचा गजर होतो, वाजंत्री उसळते, आणि ती ओसरायच्या आत दुसरा गडी सरसावलेला असतो. दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात वाढलेल्या पोराला रॅप म्हणजे काय हे परक्या मुलखातून शिकावे लागत नाही. शब्द कुठे तोडायचा, ठेका कुठे घुसवायचा, दोहोंमधली शांतता किती ताणायची, हे त्याच्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असते. अडते ते पुढे. तीच वाजंत्री लॅपटॉपमध्ये बसवायची कशी, आणि बसवल्यावर ती मुंबईच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या गाण्याशेजारी लावली की एकदम फिकी का पडते?

हे पुस्तक त्या फिकेपणाच्या कारणांविषयी आहे.

बीट म्हणजे गाणाऱ्याच्या किंवा रॅपरच्या पायाखालची सगळी जमीन. किक, स्नेअर, हाय-हॅट, बास, एखादी घोळत राहणारी सुरावट आणि या सगळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागा. ती घडवणाऱ्याला एखादे वाद्य वाजवता आलेच पाहिजे असे नाही. पूर्वी जे काम तबलजी, ढोलकीवाला, अरेंजर आणि ध्वनिमुद्रक असे चौघे मिळून करत, ते आता बहुधा एकच माणूस एका खुर्चीत बसून करतो. त्यामुळे चौघांच्या चुकाही त्याच्या एकट्याच्या माथी येतात.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक मुंबईकर आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणले. खऱ्या ड्रमसारखे ते वाजत नव्हते. सुमारे १२,००० नग निघाले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्त झाले, म्हणून ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या हाती पडले, आणि हिप-हॉपचा पाया त्याच्या त्या लांबट, पोटात घुमणाऱ्या किकवर घातला गेला. याच काळात मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी ८०८ आणि त्याच कंपनीचे टीबी-३०३ ही दोन यंत्रे जोडून १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा शिकागोत पुढे जन्मलेल्या ॲसिड हाउसशी तिचे साम्य ऐकून युरोपातल्या जाणकारांच्या भुवया उंचावल्या. मुंबईत एका माणसाने भैरव आणि बैरागीसाठी जे केले होते, त्याला नाव मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली.

यंत्र नंतर सॉफ्टवेअर झाले. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे फ्रूटीलूप्स १९९७ अखेर आले. आज त्याला एफएल स्टुडिओ म्हणतात, आणि तालुक्याच्या गावातला बीटमेकर बहुतेक याच पडद्यावर श्रीगणेशा करतो. अनेकदा क्रॅक केलेल्या प्रतीवर, हेही लपवण्यात अर्थ नाही. वास्तविक त्याची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. तीत काम करता येते, गाणे बाहेरही काढता येते, फक्त जतन केलेले काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे, बँडलॅब मोबाइलवर चालते. साधन परवडत नाही ही सबब आता फारशी टिकत नाही. न परवडणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत, आणि त्यातली सगळ्यात महाग म्हणजे खोली.

महाराष्ट्रातल्या निमशहरी घरांत मुलाच्या वाट्याला येणारी खोली बहुधा दहा बाय दहाची असते. स्लॅबही दहा फुटांच्या आसपास. दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ५६ हर्ट्‌झच्या आवाजाची अर्धी लाट या दोन भिंतींमध्ये नेमकी मावते आणि तिथेच घोटाळत राहते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल, तर तीनही बाजूंची लाट त्याच एका जागी साठते. आता योगायोग पाहा: किकचे पोट सर्वसाधारणपणे ५० ते ६० हर्ट्‌झमध्ये असते. म्हणजे बीटमधला सर्वांत महत्त्वाचा आवाज आणि खोलीचा सर्वांत मोठा दोष एकाच ठिकाणी भेटतात.

याचा परिणाम काय होतो? ही लाट भिंतीपाशी सर्वांत जोरात आणि खोलीच्या मधोमध सर्वांत क्षीण असते. पोरगा टेबल मधोमध मांडतो, किक त्याला पोकळ वाटते, तो ती वाढवतो. पुन्हा वाढवतो. रात्री मित्राच्या गाडीत तोच ट्रॅक लावला की सगळा डॅशबोर्ड थरथरतो आणि शब्द बुडून जातात. मग दोष स्पीकरला दिला जातो, प्लगइनला दिला जातो, नवे हेडफोन मागवले जातात. खुर्ची मात्र तिथेच असते. ती खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर सरकवणे हा फुकटचा उपाय आहे. तो सर्वरोगहारी नाही, पण मधल्या खड्ड्यातून कान बाहेर निघतात.

दुसऱ्या उपायासाठी दारव्ह्याला बाजारात जायचीही गरज नाही. कापूस हा आवाज शोषणारा पदार्थ आहे, आणि हा मुलूख कापसाचाच. मात्र इथेही एक फसगत ठरलेली आहे. चार इंची गादी भिंतीला टेकवून ठेवली की साधारण आठ-नऊशे हर्ट्‌झच्या वरचा आवाज ती छान पिते, खालच्याला मात्र जेमतेम हात लावते. खोलीचा चुरचुरीतपणा मरतो, घुमणे तसेच राहते आणि सगळे गोधडीतून ऐकल्यासारखे वाटू लागते. खालच्या आवाजाला जाडी लागते. म्हणून कापूस भिंतीभर पातळ पसरण्यापेक्षा कोपऱ्यांत फूट-दीड फूट जाडीने, छतापर्यंत रचलेला बरा, कारण लाटेचा दाब कोपऱ्यांतच गोळा होतो. आणि सुका कापूस ठिणगीला वाट पाहायला लावत नाही. बोर्ड, अडॅप्टर आणि वायरी त्याच्यापासून लांब ठेवाव्यात.

मे महिन्याचे वेगळे दुखणे. पारा ४४-४५ अंशांवर गेला की कूलर बंद करून गाणारा माणूस विदर्भात मिळणे कठीण, आणि कूलर चालू ठेवून मुद्रित केलेला आवाज पुढे साफ करणे त्याहून कठीण. त्यात इन्व्हर्टर आणि कच्चे अर्थिंग. स्पीकरमधून सतत येणारा तो मंद गुंऽऽ म्हणजे आपल्या विजेची ५० हर्ट्‌झची धडधड आणि तिचीच १०० हर्ट्‌झची जुळी बहीण. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर, एकाच चांगल्या अर्थिंगवर घेतले की बराच फरक पडतो. आवाज पहाटे मुद्रित करावेत. हा सल्ला कुठल्याही परदेशी मार्गदर्शकात सापडणार नाही, कारण तो लिहिणाऱ्याने वैशाखातली दुपार पाहिलेली नसते.

आता या मुलखाच्या आवाजांविषयी. इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण इंटरनेटवर हजारोंनी मिळणाऱ्या तयार सॅम्पलच्या गाठोड्यांत जे नाही ते इथे आहे. दिग्रसवरून पुढे गेले की वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी लागते. तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाला नंगारा या वाद्याचाच आकार दिला आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी ते खुले झाले. दारव्हा तालुक्यातल्या तांड्यांवर होळीला लेंगी म्हटल्या जातात, तेव्हा नंगाऱ्याच्या जोडीला साधी काशाची थाळी वाजते, आणि त्या थाळीचा खणखणाट बाजारातल्या कुठल्याही हाय-हॅटपेक्षा जिवंत असतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पांढरकवडा आणि झरी-जामणीकडे, कोलाम आणि गोंड ढेमसा नाचतात तेव्हा ढोलाचे अंग वेगळेच. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी घरोघरी पोचवली. अकोटचे सत्यपाल महाराज तर एका वेळी सात खंजिऱ्या मांडून प्रबोधन करतात. एका माणसाने सात आवाजांचा वाद्यमेळ जागेवर उभा करणे यालाच आजच्या भाषेत बीट बनवणे म्हणतात. आणि नागपूरकडची धुमाल? गाडीवर चढवलेला कीबोर्ड, पॅड आणि चामड्याच्या वाद्यांची फौज. यंत्र आणि कातडे यांचे लग्न तिथे केव्हाच लागलेले आहे.

डफडे वाजवणारा आधी शेकोटी पेटवतो आणि चामडे शेकतो. सैल पडलेला आवाज चढतो, हवा तिथे आला की तो थांबतो. हे ट्यूनिंग आहे. स्टुडिओतला नवशिका मात्र किक आणि ८०८चा बास गाण्याच्या पट्टीत आहे की नाही हे तपासायचेच विसरतो. सुरावट काळी चारमध्ये आणि बास अर्ध्या सुराने खाली, असे कितीतरी ट्रॅक यूट्यूबवर पडलेले आहेत. ऐकणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, तो नुसता पुढचे गाणे लावतो.

हे आवाज टिपायचे कुठे, याचे उत्तर सोपे आहे: शेतात. तूर-कापूस निघाल्यावरचे मोकळे वावर म्हणजे भिंत नसलेला स्टुडिओ. तिथे आवाज परत येत नाही, त्यामुळे टिपलेला ठोका कोरडा आणि स्वच्छ मिळतो. माइक हातभर किंवा थोडा अधिक लांब, त्यावर वाऱ्यासाठी फोमची टोपी, मुद्रण २४ बिटचे, आणि पातळी अशी की सर्वांत जोराचा ठोकाही उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. डफड्याचा फटका अचानक येतो. फाटलेला ठोका पुढे कुठल्याच प्लगइनने शिवता येत नाही. वाद्यच पाहिजे असेही नाही. राहुलदेव बर्मन यांनी ‘पडोसन’ (१९६८) मध्ये कंगवा घासून ठेका काढला आणि ‘यादों की बारात’ (१९७३) मध्ये काचेच्या ग्लासवर चमचा वाजवून एका गाण्याची सुरुवातच अजरामर केली. त्यांच्या चमूत तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर हे मराठी नाव होते, आणि चाहत्यांच्या गप्पांत ते नेहमीच उशिरा येते. दारव्ह्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, नंतर डिझेलवर, आणि आता थांबली आहे. तिचा तो रडतखडत ठेका कुणाच्या जुन्या कॅसेटवर राहिला असेल तर तो सोन्याच्या मोलाचा.

टिपलेला ठोका सॉफ्टवेअरमध्ये आणला की दुसरी परीक्षा सुरू होते. पडद्यावर एका मापाच्या सोळा चौकटी असतात. मिनिटाला १२० ठोके धरले, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि एक चौकट १२५ मिलिसेकंदांची. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, ते या सोळा घरांत निमूट बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रा बसत नाहीत. त्यासाठी आधी माप बदलावे लागते, आणि हे माहीत नसल्याने कितीतरी चांगल्या चाली ओढूनताणून चारच्या पटीत कोंबल्या जातात. त्याहून मोठे नुकसान क्वांटाइझच्या बटणाने होते. वाजवणाऱ्याचा हात चौकटीच्या जरा मागे किंवा पुढे पडलेला असतो. बटण दाबले की सगळे ठोके पोलिस परेडमध्ये उभे राहतात. रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याने १९८० च्या सुमारास आपल्या तालयंत्रात ‘स्विंग’ आणला तो यावरच तोडगा म्हणून. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ चाल, ६६ टक्के म्हणजे तिनाची झुलती चाल. आपल्याकडची बरीच चामड्याची वाद्ये या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी डोलत असतात. डेट्रॉइटचा जे डिला क्वांटाइझचे बटण अनेकदा बंद ठेवून बोटांनी वाजवायचा. तो २००६ मध्ये गेला. त्याचे एमपीसी तालयंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मिक्सविषयी पुढे सविस्तर प्रकरण आहे, इथे दोनच गोष्टी. ऐकणारा बहुधा मोबाइलवर ऐकतो, आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर २०० हर्ट्‌झच्या खाली फारसे काही वाजवतच नाही. म्हणजे ५५ हर्ट्‌झचा बास तिथे नसतोच. पण त्याला थोडे सॅच्युरेशन दिले की ११०, १६५, २२० असे त्याचे वरचे स्वर उमटतात, आणि मेंदू त्यांच्यावरून खालचा हरवलेला स्वर स्वतः पुरवून घेतो. दुसरी गोष्ट मोठ्या आवाजाच्या हव्यासाची. मास्टर करताना लिमिटर दाबून गाण्याचा चेंदामेंदा केला, तरी स्पॉटिफाय ते नेहमीच्या मांडणीत उणे १४ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे एकक) पातळीवर उतरवून वाजवते. मोठेपणा निघून जातो, चेंदामेंदा तेवढा राहतो.

वरातीचा डीजे हे मात्र वेगळे जग. तिथे कुणी आवाज उतरवत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. ती पाळणारी वरात शोधावीच लागेल. पण स्पीकरच्या भिंतीसाठी बनवलेल्या बहुतेक रिमिक्समध्ये किक आणि बास एकाच जागेसाठी भांडत असतात, म्हणून ठेका स्पष्ट होत नाही, म्हणून मालक आवाज आणखी चढवतो. किक वाजेल तेवढा क्षण बास खाली दबवला, तर कमी आवाजातही पाय थिरकतात. वरातीतल्या म्हाताऱ्यांच्या छातीची काळजी कुणाला नसेल, तर निदान ॲम्प्लिफायरची तरी असावी.

यातून पोट भरते का, हा प्रश्न घरचे विचारतातच, आणि तो रास्त आहे. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या कोवळ्या मुलाने आपल्या खोलीत बनवलेला एक बीट ऑनलाइन बाजारात टाकला. २०१८ मध्ये तो एका अनोळखी अमेरिकी पोराने ३० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन हजार रुपयांच्या आसपास, घेतला. त्यावर बनलेले गाणे म्हणजे त्या पोराचे, लिल नॅस एक्सचे, ‘ओल्ड टाउन रोड’. २०१९ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत सलग १९ आठवडे पहिले राहिले. ही कथा प्रत्येक बीटमेकरला पाठ असते. तिचा उत्तरार्ध कमी जणांना ठाऊक असतो. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ सालच्या एका वाद्यरचनेचा तुकडा होता. गाणे चालल्यावर त्या परवानगीचा निपटारा करावा लागला आणि श्रेयात मूळ रचनाकारांची नावे आली.

आपल्याकडे हा उत्तरार्ध आणखी जवळचा आहे. लोकगीताची परंपरेने आलेली चाल कुणा एकाच्या मालकीची नसते, पण त्या चालीची मुद्रित ध्वनिफीत असते; भारतीय कायद्यात तिचा हक्क ६० वर्षांचा. आणि वाजवणाऱ्याचाही हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेला कलाकाराचा हक्क आज ५० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला नावाचा मानही मिळाला. म्हणजे तांड्यावरच्या थाळीवाल्याचा किंवा डफडेवाल्याचा ठोका मोबाइलवर टिपून लूप करणाऱ्याने त्याला विचारले पाहिजे, पैसे दिले पाहिजेत, नाव छापले पाहिजे. पिढ्यान् पिढ्या या वाद्यांना जातीची पायरी दाखवली गेली. मिरवणुकीत पुढे आणि पंगतीत शेवटी. तोच ठेका लॅपटॉपमधून आला की त्याला ‘फ्यूजन’ म्हणून टाळ्या पडाव्यात आणि वाजवणारा निनावी राहावा, हे खपवून घेण्यासारखे नाही.

वाट अगदीच अनोळखी नाही. नागपूरचे ॲकॉर्डियनवादक विजय पाटील मुंबईला गेले. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) पासून राम-लक्ष्मण या जोडनावातले लक्ष्मण झाले आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९) पर्यंत पोचले. त्या काळी मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद बसवला, ती दुसऱ्या टोकाची उंची. पण २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी शब्दांचे हाउस गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले, ते वाद्यवृंदाविनाच. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१००आरबीएच’ या नावाने रॅप करत देशभर ऐकला जाऊ लागला, आणि अमरावती दारव्ह्याहून काही लांब नाही.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत: आधी खोली, मग वीज आणि माइक, मग वावरातले मुद्रण, चौकटी आणि स्विंग, मिक्स, मास्टर, आणि शेवटी करारनाम्याचा एक साधा मराठी नमुना, ज्यात वादकाचे नाव लिहायची रेघ सर्वांत वर आहे. सॉफ्टवेअर चौथ्या प्रकरणात उघडते. ज्यांना तोवर धीर निघणार नाही, त्यांनी निदान खुर्ची तेवढी सरकवून घ्यावी.